पशुवैद्यक ताईंना विचारा: पोस्टर घेऊन मुंबईला जाऊ का?

प्रश्न: ताई, मी गंगाखेड तालुक्यात पशुवैद्यक आहे. आमच्याकडच्या लाल कंधारी गायींच्या दोन वेतांतल्या (म्हणजे दोनदा विण्यातल्या) अंतराच्या नोंदी मी गोठ्यागोठ्यातून काढल्या, त्याचं पोस्टर मुंबईतल्या एका परिषदेनं घेतलंय. दोन दिवस, बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात. घरचे म्हणायलेत नुसतं एक पोस्टर लावायला एवढा खर्च काहून, आणि मला बी वाटायलंय की तिथं सगळे मोठमोठे लोक, आपल्या गायी कोण बघणार. जाऊ का? तिथं नेमकं असतं तरी काय?

उत्तर: जाच डॉक्टर. तुमचं पत्र वाचून मला एवढा आनंद झाला की काय सांगू, गोठ्यात उभं राहून वहीत लिहिलेल्या नोंदी भिंतीवर लागायलात ही लहान गोष्ट नाही.

आता तिथं काय असतं ते सांगते. दारातच गळ्यात अडकवायचं बॅज देतात आणि मग दोन दिवस कुणी कुणाच्या तोंडाकडं आधी बघतच नाही, सगळे आधी छातीवरचं बॅज वाचतात आणि मग वर बघून हसतात. मला ते लई आवडतं, कारण त्या बॅजवर गाव लिहिलेलं असतं. फॉर्म भरताना गावाच्या रकान्यात परभणी नका लिहू, गंगाखेडच लिहा. जेवणाच्या रांगेत कुणीतरी मागून "गंगाखेडचे का तुम्ही? माझी सासुरवाडी सोनपेठची" म्हणणार म्हणजे म्हणणार, आणि तिथून जी गप्पा सुरू होती ती पापड संपला तरी संपत नाही. या रांगेत लई शिकायला मिळतं बरं का. 2022 साली लम्पी, म्हणजे गायींच्या अंगावर गाठी येणारा रोग, आली तेव्हा गायींना शेळ्यांच्या देवीची लस टोचत गावोगाव फिरलेले डॉक्टर तिथं ताट हातात धरून उभे असतात, कुणी बीडचे, कुणी कोल्हापूरचे, आणि पायावर सूज आलेली गाय कशी उभी केली, जखमेत अळ्या पडू नयेत म्हणून काय लावलं, हे ते एकमेकांना सांगायलेले असतात. हे ऐकायला मिळतं म्हणून जायचं.

मोठ्या हॉलचं वेगळं. उद्घाटन लांबतं, दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, मनोगतं, आणि मग पुढच्या वक्त्यांची वेळ कापली जाते, त्यामुळं बिचारे वक्ते "ही शेवटची स्लाइड" म्हणतात आणि त्यानंतर आणखी चार दाखवतात आणि घंटी वाजवणारा पोरगा घड्याळाकडं बघत बसतो. एसी एवढा असतो की परभणीच्या मे महिन्यातून गेलेल्या माणसाला दातखिळी बसंल, स्वेटर नाहीतर शाल न्याच.

पण तुमचं खरं काम पोस्टरपाशी आहे. पोस्टर बहुतेक वेळा चहाच्या टेबलाजवळच्या पॅसेजमध्ये लावतात, म्हणून चहाची सुट्टी झाली की लोक कप घेऊन तिकडंच येतात, तुम्ही चहा आधीच घेऊन घ्या आणि त्या वेळी बोर्डाशेजारी उभे राहा. माणूस थांबतो तो फोटो बघून. गाय बाजूनं, पूर्ण दिसंल असा एकच मोठा फोटो टाका, तो गडद लाल रंग, डोळ्याभोवतीची काळी वर्तुळं, लांब कान, सगळं दिसू द्या, आणि जमलं तर शेजारी वळूचा लहान फोटो, कारण वळूचा लाल गायीपेक्षा गडद असतो हे बघून विदर्भ-कोकणातले लोक हमखास विचारतात. मी असंच एका पोस्टरपुढं एक वयस्कर सर बघितले, चष्मा कपाळावर सरकवून, नाक जवळजवळ कागदाला टेकवून ते तळातल्या तक्त्यातले आकडे बोटानं वाचायलेले, आणि मग पोस्टरपाशी उभ्या असलेल्या पोरीला म्हणाले, "यात पहिल्या वेताच्या गायी वेगळ्या काढल्यात का?" अख्ख्या दिवसात त्याच्याइतका चांगला प्रश्न मी ऐकला नाही. तुम्ही बी पहिल्या वेताच्या वेगळ्या काढून ठेवा, आणि चारा-पाण्याची टंचाई होती ते वर्ष कोणतं हे तक्त्यात दाखवा, आपल्याकडं वेतातलं अंतर वाढायचं अर्धं कारण तिथंच असतं.

स्टॉलवर पेनं, पिशव्या, कॅलेंडर मिळतात, घ्या खुशाल, लेकरं खुश होतात. पण लिंगवर्गीकृत वीर्याच्या (ज्यानं बहुतेक कालवडीच होतात त्या) स्टॉलवर थांबून एक विचाराच: लाल कंधारीचं, देवणीचं आहे का? कालवडीच व्हाव्यात म्हणून शेतकरी ते मागायलेत, आणि आपल्या जातींची मागणी कुणी तोंडानं सांगितल्याशिवाय कंपन्यांना कळणार कशी.

जायचं सोपं आहे. परभणीहून रात्रीची देवगिरी धरा, सकाळी दादरला उतरा. तिथं रिक्षा शोधू नका, मुंबईत रिक्षा माहीम-सायनच्या पलीकडंच चालतात. पश्चिमेला बाहेर येऊन भुयारी मेट्रो घ्या, शितलादेवी, धारावी आणि लगेच बीकेसी. गर्दीच्या वेळी लोकलमध्ये पोस्टरची नळी घेऊन चढणं मला तरी पटत नाही. आणि पोस्टरची घडी करू नका, नळीतच न्या, घडीची रेघ नेमकी गायीच्या तोंडावर पडती.

प्रश्न: ताई, मी उदगीर भागातली. परिषदेत प्रश्न विचारायला हात वर करावा वाटतो, पण इंग्रजी अडखळतं. मराठीत विचारलं तर चालंल का?

उत्तर: चालंल म्हणजे, विचाराच. अध्यक्षांना आधी एवढंच म्हणा, "सर, मराठीत विचारते". महाराष्ट्रातल्या परिषदेत निम्मा हॉल तुमच्यासारखाच मराठीत विचार करत बसलेला असतो, आणि एकीनं माईक धरला की मागून आणखी हात वर होतात, हे मी डोळ्यानं बघितलंय. तुम्ही देवणीच्या मुलखातल्या, वानेरा, बालंक्या आणि शेवरा या देवणीच्या तीन रंगप्रकारांतला फरक तुम्हाला लांबून कळतो, तिथल्या कितीतरी जणांना तो फोटो बघून बी सांगता येत नाही. प्रश्न आधी कागदावर लिहा, दोन ओळीत बसवा, आणि गाव सांगून मगच विचारा.

प्रश्न: परिषद संपल्यावर अर्धा दिवस मोकळा आहे, गाडी रात्रीची. काय बघू? (अंबाजोगाई)

उत्तर: चौपाटी सगळेच बघतात, तुम्ही परळला जा. मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 पासूनचं आहे, आणि त्याला लागूनच बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांचं हॉस्पिटल. एवढ्या गजबजलेल्या शहरात मधोमध जनावरांचा दवाखाना, तिथं लोक मांजर, कुत्रं, पोपट घेऊन रांगेत बसलेले बघितले की आपल्या दवाखान्यातली बैलांची रांग आठवती. ओपीडीत कुणाला फार अडवू नका, पण आपण पशुवैद्यक आहोत सांगितलं की लोक बोलतात. तिथून दादर जवळच आहे.

गंगाखेडच्या डॉक्टरांना एक विनंती: पोस्टरपाशी उभं राहून एक फोटो काढून घ्या आणि आम्हाला पाठवा, तक्ता वाचता येईल असा, पुढच्या अंकात छापू.