रात्री किती उशा घेता?

"मॅडम, केमोनं हार्ट जातंय म्हणे. खरं का?" सोलापुरात कॅन्सरच्या पेशंटशी बोलताना हा प्रश्न मला सतत ऐकू येतो.

पूर्व भागातल्या, विड्या वळणाऱ्या एका अक्कांनी तो विचारलाच नाही. स्तनाच्या कॅन्सरसाठी डॉक्सोरुबिसिनचे, म्हणजे 'लाल औषधा'चे, चार डोस झाले होते. आता ट्रास्टुझुमॅब हे कॅन्सरवरचं दुसरं औषध चालू होतं. फाइलची पिशवी मांडीवर धरून त्या "काय त्रास नाही" एवढंच म्हणत होत्या. माझं लक्ष पायांकडे गेलं. चपलेचा पट्टा जरा सरकला होता आणि तिथं खोल वळ दिसत होता.

"अक्का, रात्री किती उशा घेता?"

उत्तर लेकीनं दिलं. "तीन. त्याबी पुरंनात, मध्यरात्री उठून बसती."

अक्का रडायलाच लागल्या. दम लागतोय म्हटलं की डॉक्टर औषध बंद करतात आणि गाठ परत येते, असं शेजारणीनं सांगितलं होतं. म्हणून तीन आठवडे त्या दम गिळून, सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होत्या.

त्याच दिवशी टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला. हृदय प्रत्येक ठोक्याला आतलं किती रक्त बाहेर ढकलतं, तो आकडा केमोआधी ६० टक्के होता, आता ४४. शेजारणीचं अर्धं खरं निघालं: औषध थांबवलं, पण काही आठवड्यांपुरतं. हृदयाच्या गोळ्या सुरू झाल्या. मीठ कमी करायचं होतं, तेव्हा शेंगाचटणी घरीच बेतानं मीठ घालून कुटायची ठरली.

मी त्यांना एवढंच समजावलं, की ट्रास्टुझुमॅबनं हृदयाला आलेला अशक्तपणा बहुतेकदा भरून निघतो. त्यासाठीच दर तीन महिन्यांनी इको करतात. लाल औषधाचं तसं नाही. त्याचा एकूण डोस आयुष्यभर मोजावा लागतो, त्रास काही वर्षांनीही उद्भवू शकतो. म्हणून उपचार संपले तरी जुनी फाइल जपून ठेवा, अगदी कपाटात कुलूप लावून. आणि पायावर सूज, आडवं झाल्यावर दम, चार दिवसांत अचानक वाढलेलं वजन, छातीत धडधड, यातलं काहीही असो, पुढच्या तारखेची वाट बघू नका.

पुढच्या इकोत आकडा ५४ आला आणि ट्रास्टुझुमॅब परत सुरू झालं. परवा अक्का आल्या, तेव्हा मी विचारायच्या आतच त्यांनी एक बोट वर केलं.