स्लिम डेस्कटॉपला यूएसबी कार्ड: आधी वीज बघा, मग पोर्ट मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ई-सेवा केंद्रावर ऑफिसमधून निघालेला जुना स्लिम डेस्कटॉप आहे, विंडोज 10, एकूण सहा यूएसबी पोर्ट. कीबोर्ड, माउस, प्रिंटर, स्कॅनर, वेबकॅम, बोटांचे ठसे घेणारं मशीन आणि बॅकअपची पोर्टेबल हार्ड डिस्क, एवढं सगळं जोडायचंय. एका पोर्टचे चार पोर्ट करणारा साधा हब लावला, तर हार्ड डिस्क जोडताच ठशांचं मशीन गायब होतं. मग सात पोर्टचं पीसीआय एक्सप्रेस कार्ड, म्हणजे मदरबोर्डवरच्या स्लॉटमध्ये बसणारं जादा यूएसबी पोर्टचं कार्ड, घ्यावं का?

कार्ड घ्या, पण चार पोर्टचं घ्या. आणि पैसे देण्याआधी कॅबिनेट उघडून एक गोष्ट बघा: आत साटा पॉवरची, म्हणजे हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या प्रकारची, एखादी वायर मोकळी आहे का? सगळं त्यावर अडतं.

हबवर काय होतंय ते आधी. यूएसबी 2.0 च्या एका पोर्टमधून 500 मिलीअँपिअर मिळतात, 3.0 च्या पोर्टमधून 900. वेगळा अडॅप्टर नसलेला हब त्याच एका पोर्टच्या विजेवर चालतो आणि तीच वीज सगळ्यांना वाटतो. पोर्टेबल हार्ड डिस्कची तबकडी फिरायला लागते, त्या क्षणी ती नेहमीपेक्षा बरीच जास्त वीज ओढते. हबवरचे 5 व्होल्ट खाली येतात आणि शेजारचं ठशांचं मशीन बंद पडून पुन्हा सुरू होतं. मशीन बिघडलेलं नाही, ड्रायव्हर पुन्हा टाकून काही होणार नाही.

आता कार्डाचं. पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये 12 आणि 3.3 व्होल्ट असतात, 5 व्होल्ट नसतात. छोट्या एक्स1 स्लॉटमधून (एक्स4, एक्स16 हे त्याहून लांब) कार्डाला साधारण 10 वॉट घेता येतात. चार पोर्टना प्रत्येकी 900 मिलीअँपिअर द्यायचे तर 5 व्होल्टवर 18 वॉट लागतात. म्हणून चांगल्या कार्डावर मागच्या कडेला साटा किंवा मोलेक्सचा (जुना चार पिनचा) पॉवर सॉकेट असतो आणि पीएसयूमधले, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्यातले, 5 व्होल्ट थेट तिथून येतात. ज्या कार्डावर असा सॉकेटच नाही, ते माउस आणि पेन ड्राइव्हपुरतं ठीक, तुमच्या कामाचं नाही.

सात पोर्टच्या बहुतेक कार्डांत मूळ चिप चार पोर्टचीच असते आणि एका पोर्टवर हबची चिप लावून आकडा वाढवलेला असतो. म्हणजे हबपासून सुटका म्हणून घेतलेल्या कार्डाच्या पोटात पुन्हा हबच. शिवाय स्लॉट दुसऱ्या पिढीचा असेल, तर एक्स1 वर सगळ्या पोर्टना मिळून सेकंदाला 500 एमबीचीच वाट आहे. तुमच्या वापराला तेवढी पुष्कळ झाली, पण सात पोर्ट म्हणजे सातपट वेग असं समजू नका. चिपचं नाव विचारून घ्या. रेनेसासची 720201 किंवा व्हीआयएची व्हीएल805 असेल तर निर्धास्त राहा. दुसरी तर रास्पबेरी पाय 4 या छोट्या संगणकावरही आहे. विंडोज 8 पासून पुढे यूएसबी 3.0 चा ड्रायव्हर विंडोजमध्येच असतो, त्यामुळे सोबतच्या सीडीची गरज पडत नाही. विंडोज 7 असतं तर ड्रायव्हर शोधावा लागला असता.

स्लिम कॅबिनेटची खरी अडचण पट्टीची. नेहमीच्या कार्डाची धातूची पट्टी साधारण 120 मिलिमीटर उंच असते, तुमच्या कॅबिनेटला 79 मिलिमीटरची लो प्रोफाइल पट्टी लागेल. ती डब्यात सोबत आहे का हे दुकानातच बघा, नंतर सुटी मिळणं कठीण. दुसरी अडचण विजेची. ऑफिसच्या बऱ्याच स्लिम मशीनमध्ये पीएसयूमधून साटाच्या वायरी निघतच नाहीत. मदरबोर्डवरच्या एका छोट्या कनेक्टरवरून हार्ड डिस्क आणि डीव्हीडी ड्राइव्हला वीज जाते, आणि ती त्या दोघांपुरतीच धरलेली असते. लॅपटॉपसारखा पातळ डीव्हीडी ड्राइव्ह असेल, तर त्याचं पॉवरचं टोक 6 पिनचं असतं, ते कार्डाच्या 15 पिनच्या सॉकेटात बसत नाही. मोकळं 15 पिनचं टोक सापडलं तर उत्तम. ते नसेल, तर कार्डाचा विचार सोडा आणि स्वतःचा 5 व्होल्टचा अडॅप्टर असलेला हब घ्या. ओढूनताणून वायर जोडण्यापेक्षा तो कधीही बरा.

मोलेक्सवरून साटा करणारी जोडवायर घ्यायची वेळ आली, तर तिच्या साटा टोकाची पाठ नीट बघा. प्लास्टिक ओतून वायरी आत बंद केलेलं टोक घेऊ नका. त्यात आतले तांब्याचे धागे सरकून एकमेकांना चिकटतात आणि टोक वितळतं, कधी पेटही घेतं. ज्याच्या पाठीमागे प्रत्येक वायर आपापल्या खाचेत दाबून बसवलेली वेगवेगळी दिसते, ते टोक घ्या.

बसवताना शटडाउन करून पॉवर केबल भिंतीच्या सॉकेटातून काढा आणि पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेला चार्ज निघून जाईल. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून मगच कार्ड पिशवीतून काढा. एक्स1 स्लॉट ग्राफिक्स कार्डाखाली झाकला गेला असेल, तर एक्स4 किंवा एक्स16 स्लॉटमध्येही हे कार्ड चालतं. पट्टीचं खालचं निमुळतं टोक मदरबोर्डची कड आणि पत्रा यांच्यामधल्या फटीत उतरलं पाहिजे. ते पत्र्यावर टेकलं की कार्ड पुढून बसतं आणि मागून किंचित उचललेलं राहतं, आणि स्क्रू आवळला की आणखी तिरकं होतं. सोनेरी संपर्कांची रांग स्लॉटच्या काठाशी समांतर आणि सारखी बुडालेली दिसली पाहिजे. दिसत नसेल तर काढून पुन्हा बसवा. त्यानंतर स्क्रू, आणि शेवटी साटाचं टोक. त्याची खाच इंग्रजी एलसारखी असते, उलटं घुसवायला गेलात तर कार्डावरचं प्लास्टिकचं जिभाड तुटतं.

सुरू केल्यावर डिव्हाइस मॅनेजर उघडा, व्ह्यूमध्ये डिव्हाइसेस बाय कनेक्शन निवडा. कोणतं यंत्र कोणत्या कंट्रोलरखाली आहे ते तिथे स्पष्ट दिसतं. कार्डच दिसत नसेल, तर ते नीट बसलेलं नाही किंवा बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) तो स्लॉट बंद आहे. कार्ड दिसतं पण लावलेली हार्ड डिस्क उठत नाही, याचा अर्थ जवळजवळ नेहमीच साटाची वायर जोडायची राहिली. अर्धा-एक तास ठीक चालून मग यंत्रं गळायला लागली, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या रूट हबवर (यादीत कार्डाखाली दिसणारी यूएसबी रूट हबची नोंद) वीज वाचवण्यासाठी बंद करण्याची परवानगी असलेली खूण काढा. पॉवर ऑप्शन्समध्ये पीसीआय एक्सप्रेसखालचं लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंटही ऑफ करा.

जोडणी अशी करा: कीबोर्ड, माउस आणि ठशांचं मशीन मदरबोर्डच्या मागच्या यूएसबी 2.0 पोर्टवर, थेट, मध्ये हब किंवा एक्स्टेंशन नको. कीबोर्ड तिथेच ठेवायचं कारण, अनेक जुन्या मदरबोर्डचं बायॉस जादा कार्डावरचे पोर्ट ओळखतच नाही. म्हणजे बायॉसमध्ये शिरता येत नाही, आणि विंडोज टाकायचा पेन ड्राइव्हही कार्डावरून बूट होत नाही. हार्ड डिस्क, वेबकॅम, स्कॅनर कार्डावर. प्रिंटर कुठेही चालेल, त्याची स्वतःची वीज असते.

माउस वायरलेस असेल तर त्याचा छोटा डोंगल कार्डाच्या पोर्टशेजारी लावू नका. यूएसबी 3.0 वर डेटा चालू असताना 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो. हार्ड डिस्कवर बॅकअप सुरू झाला की बाण अडखळायला लागतो आणि लोक माउसचे सेल बदलत बसतात. डोंगल पुढच्या पोर्टवर घ्या, किंवा अर्ध्या मीटरच्या एक्स्टेंशनने लांब न्या.

कॅबिनेट उघडलंच आहे, तर मदरबोर्डवर नऊ पिनचा यूएसबीचा हेडर (वायर लावायच्या उभ्या पिनांचा गट) रिकामा आहे का तेही बघा. असेल तर कार्डाऐवजी दोन पोर्टची साधी पट्टी घेऊन भागू शकतं, कारण तुम्हाला कमी पडणारा पोर्ट एकच आहे. फक्त शेजारी छापलेलं नाव वाचा: जुन्या बोर्डांवर 1394 चा (फायरवायर या जुन्या जोडणीचा) हेडर अगदी तसाच दिसतो, त्यावर 12 व्होल्ट असतात आणि त्यात यूएसबीची पट्टी खुपसली तर पहिलंच जोडलेलं यंत्र जळतं.