एकटीने शांतपणे, स्वतःला थोडा वेळ द्यायला कोकणातली कोणती लेणी पाहावीत?

माझं मत कुड्याला. रायगड जिल्ह्यात, तळा गावाजवळ, राजपुरी खाडीच्या काठावरच्या डोंगरात २६ लेणी आहेत. आडदिवशी गेलात तर बहुतेक तुम्ही आणि वटवाघळंच.

घाईने सगळी बघत सुटू नका. सहावं लेणं निवडा, दाराशी कोरलेले हत्ती आणि आतली जोडप्यांची शिल्पं बघत बसा. मग भिंतींवरचे ब्राह्मी लेख शोधा. वाचता नाही आले तरी चालेल, पण दान कोणी दिलं हे माहीत असू द्या: माळी, वैद्य, लोखंडाचा व्यापारी. नुसती राजघराण्यातली नव्हेत, तुमच्याआमच्यासारखी कामधंद्याची माणसंही. एकटं असताना हे जास्त भिडतं, ग्रुपमध्ये सेल्फीतच वेळ जातो.

कोकण रेल्वेने माणगावला उतरा, पुढे तळ्यापर्यंत एसटी मिळते, तिथून रिक्षा. परतीचं रिक्षावाल्याशी आधीच ठरवा, संध्याकाळी वाहन मिळायची मारामार. पाणी, टॉर्च बरोबर ठेवा. घरी लोकेशन कळवा. पावसात पायऱ्यांवर शेवाळ धरतं, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा.

अजून एक दिवस हाताशी असेल तर दापोलीजवळचं पन्हाळेकाजी. तिथे बौद्ध लेण्यांत पुढे नाथपंथीयही येऊन राहिले.