गोव्यात शिक्षिका इतक्या, मग मुख्याध्यापिकेच्या खुर्चीसाठी त्याच नकार का देतात?

नकार देतात कारण पद शाळेच्या वेळेत मावत नाही. अनुदानित हायस्कुलात व्यवस्थापनाची बैठक संध्याकाळी, तीही लांबणारी. पर्वरीला शिक्षण संचालनालयाच्या फेऱ्या वेगळ्या. काणकोण किंवा सत्तरीतून तिथे जायचं तर अख्खा दिवस जातो, आणि घरचं जेवण काही थांबत नाही.

म्हणून 'बायकांना पुढे आणा' अशी भाषणं मला पोकळ वाटतात. बैठक दुपारी ठेवा, कारकुनी काम कारकुनाकडेच राहू द्या, ज्येष्ठता यादी दरवर्षी शिक्षकखोलीत लावा. प्रसूती रजेने सेवेत खंड पडत नाही, हे व्यवस्थापनाला लेखी आठवण करून द्यायला लाजू नका. बढती नाकारायचीच असेल तर 'घरच्या अडचणी' एवढंच न लिहिता खरी अडचण लिहा. नाहीतर पुढच्या बाईलाही तेच कारण चिकटतं.

आणि व्यवस्थापन समितीत किती बायका आहेत तेही बघा. मुख्याध्यापक निवडणारी माणसं तीच. शशिकलाताई काकोडकर 1973 ते 1979 गोव्याच्या मुख्यमंत्री होत्या. तरी 'बाईला शाळा सांभाळता येईल का' असं विचारणारे सदस्य अजून भेटतात!