गवती चहा, वाळा, मोगरा: घरी तेल काढायला कोणती पद्धत?

तुम्ही विचारलंय, की या तिघांचं तेल घरी काढायला वाफ, सॉल्व्हंट (तेल विरघळवून घेणारं रसायन) आणि सीओटू (दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड) यांपैकी सगळ्यात चांगलं काय. तिघांना मिळून एक पद्धत नाही.

गवती चहा वाफेनेच काढा. ताज्या पातीत तेल साधारण 0.2 ते 0.4 टक्के, म्हणजे 5 किलोमागे 10 ते 20 ग्रॅम. पात एक दिवस सावलीत कोमेजू द्या, मग दोन-दोन इंचांचे तुकडे करा. स्टीलच्या भांड्यात तळाशी पाणी, वर जाळी, जाळीवर पात. पात पाण्यात बुडाली तर तळाला लागते आणि तेलाला जळका वास येतो. सगळीकडे सारखी दाबून भरा. कुठे पोकळी राहिली की वाफ तिथूनच पळते आणि बाकीची पात नुसती ओली होते. कुकर वापरणार असाल तर शिटीच्या जागची नळी मुरगळणार नाही, चोंदणार नाही हे आधी बघा.

मुंबईत खरी गोची कंडेन्सरची, म्हणजे वाफ थंड करून तिचं पुन्हा पाणी आणि तेल करणाऱ्या नळीची. मे महिन्यात नळाचं पाणीच कोमट. पडणारे थेंब गरम असतील आणि घरभर वास सुटला असेल, तर तुमचं तेल हवेत चाललंय. बादलीत बर्फ टाका आणि कूलरच्या छोट्या पंपाने तेच पाणी फिरवत राहा.

वाळ्यालाही वाफच, पण मुळांना 18-24 तास लागतात. तेल घट्ट आणि वजनाला जवळपास पाण्याइतकं, त्यामुळे नीट तरंगत नाही. जमलेल्या पाण्यात मीठ विरघळवलं की वर येतं. तरी गॅसचा खर्च बघता घरी परवडत नाही.

मोगरा दादरहून पहाटे आणलात तरी वाफेवर शिजल्या फुलांचाच वास येईल. उत्तर प्रदेशातल्या कनोजचे अत्तरवालेही त्याचं सुटं तेल काढत नाहीत, मंद आचेवरची वाफ परंपरेने चंदनतेलात धरतात. कारखान्यात हेक्सेन हे सॉल्व्हंट वापरतात. ते घरी अजिबात नको: त्याची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत सरपटत गॅसपर्यंत पोचते आणि भडका उडतो. सीओटूला तापमान 31 अंश पुरतं, ते आपल्या खोलीतही असतं. दाब मात्र हवेच्या दाबाच्या सुमारे 73 पट किंवा त्याहून जास्त लागतो, म्हणून तेही घरी नाही.

हौसच असेल तर काचेवर वनस्पती तुपाचा पातळ थर द्या (खोबरेल नको, ते इथे बहुतेक महिने पातळच असतं). देठ काढलेली कोरडी फुलं त्यावर पालथी ठेवा आणि 24 तासांनी बदला, असं 15-20 वेळा, म्हणजे वास तुपात उतरतो. फुलं ओली असली तर बुरशी धरते.