दोनशेव्या टर्नला गेम सोडलास म्हणे

अरे मित्रा,

तुझा मेसेज वाचला, सिव्हिलायझेशन सहा या साम्राज्य उभारायच्या कॉम्प्युटर गेममधे दोनशेव्या टर्नला (म्हणजे खेळीला) कंटाळून गेम बंद केलास आणि लगेच नवीन मॅप चालू, तेही सलग सातव्यांदा. हसू आलं, कारण मी कित्येक वर्षं हेच करत होतो. सुरुवातीला कसं, एक सेटलर (शहर वसवणारा), एक वॉरियर, चहूकडे न उघडलेला मॅप, टेकडीमागे काय असेल या उत्सुकतेत रात्र निघून जाते. आणि शेवटी वीस शहरं, प्रत्येक शहर विचारतं आता काय बांधू, पन्नास युनिट्स (सैनिक, कामगार वगैरे) आदेशाची वाट बघत उभी, एकेक टर्न संपता संपत नाही.

कंटाळा येतो कारण आपल्याला आतून कळलेलं असतं की निकाल लागलाय. जास्त शहरं म्हणजे जास्त सायन्स, जास्त सायन्स म्हणजे कारखाने आधी, कारखाने आधी म्हणजे अजून पुढे, हा गोळा एकदा गडगडायला लागला की थांबत नाही. बनवणाऱ्यांनाही हे ठाऊक असणार, 2025 च्या सातव्या भागात त्यांनी अख्खा खेळ तीन युगांत तोडला आणि प्रत्येक युगाच्या सुरुवातीला बऱ्याच गोष्टी नव्याने मांडायला लावल्या. मला तो उपाय फारसा पटलेला नाही, असो.

पण निकाल लागलाय असं वाटणं आणि खरंच लागणं यात मी एकदा सपाटून आपटलोय. या गेममधे सायन्सने म्हणजे अंतराळ गाठून जिंकता येतं, तसं धर्म पसरवूनही. मी सायन्समधे सगळ्यांच्या पुढे होतो, उपग्रह सोडला, चंद्रावर माणूस उतरला, मंगळाची तयारी चालू, आणि डोळे मिटून नेक्स्ट टर्न, नेक्स्ट टर्न. शेजाऱ्याचे धर्मप्रचारक माझ्या शहरांमधून फिरत होते, मी म्हटलं फिरू देत, कोणाला काय त्रास. एका टर्नला स्क्रीन काळी झाली, तो जिंकला, धर्मावर! प्रत्येक साम्राज्यातली निम्म्याहून जास्त शहरं त्याच्या धर्माची झाली की त्याचं काम होतं, आणि शेवटचं उरलेलं साम्राज्य माझंच होतं. युद्ध पुकारून चार सैनिक त्या प्रचारकांवर सोडले असते तरी भागलं असतं, रणगाडे तर नुसते गंजत पडले होते.

तेव्हापासून दर दहा टर्नला व्हिक्टरीचा स्क्रीन उघडतो, कोण जिंकण्याच्या किती जवळ आलंय ते तिथे दिसतं, माझा आकडा नंतर, आधी बाकीच्यांचे. तूही तेच कर.

दुसरं म्हणजे शंभराव्या टर्नच्या आसपास ठरवून टाक कशाने जिंकायचंय, मग त्याला न लागणारं बांधकाम बंद. छोट्या शहरांना एखादा लांबलचक प्रोजेक्ट लावून दे म्हणजे ती सारखी सारखी विचारणार नाहीत, निम्मा वैताग तिथेच संपतो. अंतराळाने जिंकणार असशील तर स्पेसपोर्ट (यान सोडायचा तळ) एकावर थांबू नकोस, एकात गुप्तहेराने घोळ घातला तरी दुसरा चालू राहतो. आणि गॅदरिंग स्टॉर्म हा गेमचा जोडभाग टाकलेला असेल तर शेवटच्या यानाला 50 प्रकाशवर्षं कापायची असतात, टर्नला एक या वेगाने. म्हणजे नुसतं बघत बसलास तर 50 टर्न! प्रत्येक लेझर स्टेशन (तोही शहरांना लावायचा एक प्रोजेक्टच) वेग एकने वाढवतं, चार उभी केलीस की टर्नला पाच, दहा टर्नमधे खेळ खल्लास. बहुतेक लोक यान सोडून शहरांना परत धान्याची कोठारं बांधायला लावतात आणि मग म्हणतात एंडगेम स्लो आहे.

तो दोनशेव्या टर्नचा सेव्ह डिलीट केला नसशील तर तोच पूर्ण कर, एकदाच. आपण कुठल्या शहराची जागा चुकवली, कुठला डोंगर उगाच सोडला, हे शेवटच्या टप्प्यातच दिसतं, आणि पुढच्या मॅपवर पहिला सेटलर हलवताना हात आपोआप थांबतो.

जिंकल्यावर अजून एक टर्न खेळायचं बटण येईल, ते तेवढं दाबू नकोस. मी दाबलं होतं, उजाडलं तेव्हा कळलं.

तुझा दादा