मीठ सरकतं नेमकं तेव्हाच रडार का चुकतं?

प्रश्न: मिठाचे डोंगर वाहतात म्हणे. दगडासारखं मीठ वाहणार कसं?

वाहतं, खरंच वाहतं! इराणच्या झाग्रोस पर्वतातलं मीठ जवळपास ५५ कोटी वर्षं जुनं आहे, त्याच्यावर कित्येक किलोमीटर खडक साचला, तो दाबाखाली जड होत गेला आणि मीठ मात्र हलकंच राहिलं, मग वाट मिळाली तिथून ते वर घुसलं आणि आता उतारावरून हिमनदीसारखं पसरतंय. पण वेग ठरतो पाण्यावर. दाण्यांच्या मधे जरासा ओलावा शिरला की मीठ दाबाच्या बाजूला विरघळतं, दुसरीकडे परत जमतं, आणि अख्खा थर सरकायला लागतो. इराणच्याच दश्ती भागातल्या कूह-ए-नमक या मिठाच्या डोंगरावर टॅल्बट आणि रॉजर्स या संशोधकांनी खुणा रोवून हे मोजलं, १९८० मध्ये छापलं, की पावसानंतर मीठ पुढे पळतं आणि वाळलं की आक्रसतं.

प्रश्न: ७०० किलोमीटर उंचीवरच्या सॅटेलाइटच्या रडारला मिठाचे मिलिमीटर कसे कळतात?

फोटो बघून नाही, लाटेची फेज बघून, म्हणजे परत आलेली लाट तिच्या चढउतारात नेमकी कुठे आहे ते बघून. सेंटिनेल-१ या रडार सॅटेलाइटची लाट साधारण ५.६ सेंमीची, ती जाऊन परत येते, म्हणून दोन वेळच्या फेजमधला फरक रंगात काढला तर जमीन सॅटेलाइटच्या दिशेने २.८ सेंमी सरकली की रंगाचं एक पूर्ण चक्र होतं. त्याचा छोटासा भागही वाचता येतो.

प्रश्न: मी १२-१२ दिवसांच्या अंतराने घेतलेल्या रडारचित्रांच्या जोड्या लावल्या. उन्हाळ्यात रंगाचे छान पट्टे येतात, पावसाळी जोडीत नुसते ठिपके. माझं प्रोसेसिंग चुकतंय का?

नाही हो, प्रोसेसिंगवर एवढ्यात शंका नका घेऊ. पावसाने मिठाचा पृष्ठभाग विरघळतो, लाट ज्या बारीक खडबडीतपणावरून परत येते तोच बदलतो, कोहेरन्स (दोन चित्रांमधला मेळ) गेला. वर मीठ जोरात सरकलं असेल तर शेजारच्या दोन पिक्सेलमधला फरकच अर्ध्या चक्रापेक्षा जास्त होतो, मग मोजणार काय? म्हणजे मीठ खरं हलतं तेव्हाच आपण आंधळे. म्हणून माझं कळकळीचं सांगणं, त्या पावसाळी जोड्या वगळून उरलेल्यांवरून 'वर्षाचा वेग' लिहू नका, तो फक्त कोरड्या दिवसांचा वेग असतो. लांब लाट इथे जास्त टिकते, जुलै २०२५ मध्ये सोडलेल्या निसार या रडार सॅटेलाइटची एल-बँड (लांब लाटांचा पट्टा) लाट सुमारे २४ सेंमीची आहे, तिचा डेटा जरूर लावून बघा.

प्रश्न: रडारमध्ये मीठ सॅटेलाइटच्या १० मिमी जवळ आलेलं दिसलं. डोंगर १० मिमी वाढला ना?

असं थेट नाही म्हणता येत. रडार तिरकं बघतं, त्यामुळे वर येणं आणि आडवं सरकणं एकाच आकड्यात मिसळतं. असेंडिंग (उत्तरेकडे जाताना घेतलेली) आणि डिसेंडिंग (दक्षिणेकडे जाताना घेतलेली) दोन्ही चित्रं घ्या, उभं आणि पूर्व-पश्चिम वेगळं होईल, पण उत्तर-दक्षिण हालचाल तरीही जवळपास दिसत नाही, सॅटेलाइटच त्या दिशेने जातो ना. मृत समुद्राजवळच्या सदोम डोंगरासारखं वर्षाला काही मिलिमीटरच उठणारं मीठ असेल तर हवेतली वाफही तेवढाच आकडा दाखवू शकते, तिथे एका जोडीवर अजिबात जाऊ नका, बरीच वर्षं एकत्र लावा.